मास्तरांची मुंबई, आमचं इंदूर

१८६२ साली मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडायला सुरुवात झाली. गव्हर्नर होते बार्टल फ्रिअर. तिकडे अमेरिकेत यादवी पेटली होती, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला होता, आणि आपल्याकडचा कापूस मुंबईच्या बंदरातून मागेल त्या भावाने जात होता. गावात पैसा मावत नव्हता. नव्या बँका, नव्या कंपन्या, समुद्र हटवून जमीन काढायच्या योजना, असं रोज काहीतरी निघत होतं. त्या धामधुमीत एक शाळामास्तर ते शहर जसं दिसतंय तसं लिहून काढत होता.

गोविंद नारायण माडगांवकर हे त्यांचं नाव. जन्म १८१५ चा, घराणं गोव्याचं. लहानपणीच मुंबईला आले, तिथेच इंग्रजी शिकले आणि पुढे मिशनच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवत राहिले. १८६३ मध्ये त्यांचं ‘मुंबईचे वर्णन’ छापून निघालं. कोणत्याही भारतीय भाषेत मुंबईवर लिहिलेलं पहिलं सविस्तर पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. त्यानंतर दोनच वर्षांनी मास्तर गेले. त्याच १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, शेअरबाजार बुडाला, कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले आणि मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. म्हणजे त्यांनी लिहिलेली मुंबई, पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच दुसरीच झाली. एखाद दोन वर्षं त्यांनी चालढकल केली असती तर आपल्या हाती वेगळं पुस्तक आलं असतं. कदाचित आलंच नसतं.

हे पुस्तक मी वाचलं ते इंदूरमध्ये. न. र. फाटकांनी संपादित केलेली १९६१ ची आवृत्ती रामबागेतल्या एका नातेवाइकांच्या कपाटात होती. त्यांनी घर विकायला काढलं, मुलं पुण्याला होती, आणि पुस्तकांचे गठ्ठे ओटीवर आले. मला मुंबईचं फारसं आकर्षण कधीच नव्हतं. पहिली काही पानं सात बेटं, कोळी, मुंबादेवी, पोर्तुगीज, आंदण मिळालेलं बेट या ओळखीच्या वाटेने गेली. मग मात्र मास्तर रस्त्यावर उतरतात, आणि तिथून मला पुस्तक खाली ठेववेना. देवळं, मशिदी, तळी, बाजार, गोद्या, टाकसाळ, दवाखाने, शाळा, छापखाने, वर्तमानपत्रं, कोण कुठून आलं, कोणत्या जातीचे लोक काय धंदा करतात, काय नेसतात, कुठे राहतात. आगगाडी सुरू होऊन तेव्हा दहाच वर्षं झाली होती. १६ एप्रिल १८५३ ला ती बोरीबंदराहून ठाण्याला गेली, आणि मास्तरांनी त्या विषयावर १८५८ मध्येच एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. नवं काही दिसलं की त्याच्याजवळ जाऊन ते समजून घ्यायचं, मग सोप्या मराठीत मुलांना सांगायचं, ही शिक्षकाची सवय त्यांच्या पानापानावर आहे.

त्यांचा काळही त्या पानांत आहे. इंग्रजी राज्याचं कौतुक ते मोकळेपणाने करतात आणि आज वाचताना ते खटकतं. उपदेशही बराच आहे. कर्ज काढू नका, दारूला शिवू नका, स्वच्छ राहा, असं सांगणारी पुस्तकं त्यांनी वेगळी लिहिलीच होती, इथेही तो सूर मधूनच लागतो. पण मला त्याचा त्रास झाला नाही. जो माणूस लोकांच्या भल्यासाठी कळवळतो तोच गल्लीतल्या घाणीकडे, पाण्याच्या तळ्याकडे, रोजच्या मजुरीकडे इतक्या बारकाईने बघेल. आपल्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांची नजर तोवर गादीवर असायची. कोण बसलं, कोणी कोणाला हटवलं, लढाई कुठे झाली. मास्तरांची नजर दुकानाच्या फळीवर होती.

आणि ते एकटे राहिले नाहीत हेही खरं. १८६८ मध्ये ना. वि. जोशींनी पुणे शहराचं असंच वर्णन प्रसिद्ध केलं. मुंबई झाली, पुणं झालं. इंदूरला बसून हे वाचताना पुढचा प्रश्न मनात यायचा तो आलाच.

मी वाढले त्या घरात, आणि आसपासच्या बहुतेक मराठी घरांत, होळकरशाहीचे इतिहास होते. अहिल्याबाईंची चरित्रं तर लहान, मोठी, शाळेची, बक्षिसात मिळालेली अशी कितीतरी. सुभेदार मल्हाररावांनी माळवा कसा मिळवला, १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून राजवाडा कसा जाळला, १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरात कशी आली, हे आम्हाला तोंडपाठ. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, हे इथल्या पोरालाही माहीत असतं, आणि १९८४ च्या दंगलीत तो पुन्हा जळला हे आमच्या पिढीने पाहिलंच. पण त्याच राजवाड्याच्या मागे बर्तन बाजारात साठ वर्षांपूर्वी सकाळी दुकान उघडल्यावर आधी काय होत असे, हे विचारायला गेलं की माणसं हसतात. त्यात काय लिहायचंय?

साहित्य इंदूरला परकं नाही. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलनं या शहराने भरवली. आम्ही मांडव घातले, पाहुण्यांना उतरवून घेतलं, पंगती वाढल्या. आणि आपल्याच गल्लीवर लिहायचं राहून गेलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हे शहर फार झपाट्याने बदलतंय आणि त्यातलं आमचं मराठीपण त्याहून झपाट्याने विरतंय. रस्तारुंदीत जुन्या घरांचे पुढचे अर्धे भाग गेले. ओसरी गेली, सज्जा गेला, आतल्या खोलीची निळी भिंत कोनाड्यासकट रस्त्यावर उघडी पडली. मागे उरलं त्यात कोणी राहत नाही.

एक प्रसंग मात्र लिहिला गेला, आणि तो लिहिणारा होता स्कॉटलंडचा. पॅट्रिक गेडिस. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले आणि इथली कितीतरी गावं पायी हिंडले. तुकोजीराव तिसरे यांच्या दरबाराने त्यांना बोलावलं, आणि १९१८ मध्ये इंदूरच्या नगररचनेचा त्यांचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. जुन्या वस्तीवर सरसकट पहार चालवू नका, गल्ली जिथे अडली आहे तेवढीच मोकळी करा, पडीक जागेत झाड लावा, विहिरी आणि तलाव बुजवू नका, असं ते जीव तोडून सांगत. आज ते वाचताना पोटात तुटतं.

तेव्हा शहरात प्लेगची दहशत होती. लोक हा परका माणूस दिसला की घाबरत, कारण नकाशा घेऊन हिंडणारा साहेब म्हणजे घरं पाडणारा, हा त्यांचा अनुभव. गेडिसनी दरबाराकडून त्या वर्षीची दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती मागून घेतली. मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, जी गल्ली सगळ्यांत स्वच्छ असेल तिच्यातून जाईल, अशी दवंडी पिटली. मग काय, मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चुरस लागली. घरं झाडली, रंगवली, अंगणातला वर्षानुवर्षांचा कचरा गाड्या भरभरून बाहेर गेला. मिरवणुकीत हत्ती-घोडे, शेतकरी, कारागीर होते, रोगराईचा राक्षस होता, प्लेगचा एक अवाढव्य उंदीर होता. आणि त्या सगळ्यांबरोबर शहराचे सफाई कामगार चालत होते, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले, आणि लोकांना तुळशीची रोपं वाटली.

इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं देशात स्वच्छतेत पहिलं येतंय. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते तेव्हा मला हमखास तो उंदीर आठवतो. पण गेडिसची गोष्ट वाचून माझं समाधान होत नाही. तो उंदीर बनवला कोणी? बांबूचा सांगाडा कोणत्या मोहल्ल्यातल्या माणसांनी बांधला, वर कागद होता की कापड? हार घातलेल्या त्या माणसांची नावं काय होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत झाडू घेऊन गेल्यावर लोक त्यांच्याशी कसे वागले? ज्या गल्लीतून मिरवणूक गेली नाही तिथल्या बायका रात्री काय बोलल्या? गेडिस आले, काम केलं, पुढच्या गावाला गेले. हे प्रश्न त्यांनी विचारायचे नव्हते. ते आमच्या पणजोबांनी लिहून ठेवायचे होते. पणजोबा बहुधा दफ्तरात मोडीतून रोजकीर्द लिहीत बसले असतील.

बाहेरून आलेल्या माणसाला शहर दिसतं, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. गेडिस तर परदेशीच. माडगांवकर गोव्याहून आलेले. आणि आपल्याच काळातले तिसरे, चेन्नईचे एस. मुथय्या. त्यांचा जन्म १९३० चा, शिवगंगा भागातल्या पल्लत्तूरचा, पण बालपण आणि पत्रकारितेची उमेदीची वर्षं गेली ती कोलंबोत. ‘टाइम्स ऑफ सिलोन’मध्ये काम केलं आणि १९६८ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ते मद्रासला आले. तिथे नकाशे छापणाऱ्या कंपनीत नोकरी. नकाशासाठी रस्ते तपासता तपासता त्यांना शहराचं वेड लागलं. १९८१ मध्ये मद्रासवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि ते पुढे आवृत्तीगणिक वाढतच गेलं. १९९१ मध्ये त्यांनी शहरापुरतं एक पाक्षिक सुरू केलं. २२ ऑगस्ट हा मद्रासचा वाढदिवस म्हणून २००४ पासून साजरा होऊ लागला, त्यामागेही ते आणि त्यांचे मित्र. २०१९ च्या एप्रिलमध्ये ते गेले तेव्हा चेन्नईत जुनी इमारत पाडायची म्हटली की ‘अहो, हिचा इतिहास आहे’ म्हणणारे लोक उभे राहिले होते. पूर्वी ते नव्हते, निदान इतके नव्हते.

‘हिंदू’ दैनिकात त्यांचं शहरावर साप्ताहिक सदर असे. त्यातला मला सगळ्यांत आवडणारा भाग म्हणजे शेवटचा, पोस्टमनने दार वाजवलं अशा अर्थाच्या मथळ्याखाली येणारा. त्यात वाचकांची पत्रं. तुम्ही म्हणता ते दुकान त्या कोपऱ्यावर नव्हतं, अलीकडच्या कोपऱ्यावर होतं. माझे आजोबा त्या शाळेत होते, मुख्याध्यापक ते नव्हेत, हे. मुथय्या ते सगळं छापत, चूक असेल तर दुरुस्त करत, आणि त्या दुरुस्तीतून पुढच्या आठवड्याचा विषय निघे. दप्तरखान्यात जे सापडत नाही ते लोकांच्या आठवणींत असतं, आणि आठवणी एकमेकींशी भांडल्या तरच चोख होतात, हे त्यांना कळलं होतं. पंडितांना हे फारसं रुचत नाही. मला मात्र शहराच्या इतिहासाची याहून चांगली रीत दिसत नाही.

आमची माणसं १७३० च्या दशकापासून माळव्यात आहेत. इतकी जुनी झाली की आता त्यांना काहीच नवल वाटत नाही. त्यामुळे मी माझ्यापुरती एक वही केली आहे. इंदूरच्या पोह्यांवर, सराफ्यातल्या खाण्यावर, रंगपंचमीच्या गेरीवर म्हणजे रंगाच्या मिरवणुकीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, ते मी सोडून दिलं. ज्याच्यावर कोणी मोबाइल रोखत नाही तेवढंच लिहायचं असं ठरवलं. पहिली नोंद कल्हईची, म्हणजे पितळी भांड्याला आतून कथलाचा मुलामा देण्याची.

शेजारच्या काकूंना कल्हईवाल्याचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, “अगं, आता पितळ कोण वापरून राहिलंय? तो येऊन करील काय!” पण मग माळ्यावरून पातेलं काढायला लावलं, आणि त्याचा तळ बोटाने दाखवत सांगायला लागल्या. कल्हईवाला छत्रीबागेकडून यायचा, खांद्यावर भाता, पाठीशी एक पोरगा. अंगणात खड्डा खणून त्यात भात्याची नळी पुरायची, वर कोळसे. पोरगा भाता ओढतोय, बापाच्या हाती सांडशी. भांडं आधी माती आणि राखेने घासून लख्ख करायचं, मग विस्तवावर धरून फिरवत तापवायचं. पुरतं तापलं की आत नवसागराची चिमूट. त्याबरोबर पांढरा धूर भसकन वर यायचा आणि त्याचा तो नाकात चढणारा वास. मग कथलाची कांडी भांड्याला नुसती टेकवायची, थेंब सुटला की कापसाच्या बोळ्याने सरसर सगळीकडे फिरवायचा. काळं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. लगेच पाण्यात, चर्रर्र. मुलं त्या आवाजासाठीच थांबलेली. पैसे भांड्याच्या आकारावर, आणि घासाघीस दर वेळी ठरलेली. “मी म्हणायची, कथील कमी लावलंस रे. तो म्हणायचा, बाईसाहेब, आमटी आंबट करता त्याला मी काय करू!” तो हिंदीत बोलायचा, काकू मराठीत, आणि दोघांचं छान चालायचं. कल्हई उडाली की त्यात ताक, चिंच काही ठेवायचं नाही, कळकतं, म्हणजे आंबट पदार्थ पितळेला लागून बिघडतो. कळकलेली आमटी कशी लागते हे काकूंना अजून जिभेवर आठवतं. माझ्या मुलीला तो शब्दच ठाऊक नव्हता, कारण स्टीलमध्ये काही कळकत नाही.

दुसरी नोंद गिरणीच्या भोंग्याची, आणि ती अजून पुरी झालेली नाही. इंदूर एके काळी गिरण्यांचं गाव होतं. तुकोजीराव दुसरे यांनी सुरुवात केली. याच राजाने खांडवा ते इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. पुढे मालवा मिल, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल, भंडारी अशी रांग लागली. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली आणि कामगारांची देणी २०२३ च्या डिसेंबरात मिळाली. बत्तीस वर्षं. पैसे घ्यायला कितीतरी घरांतून विधवा गेल्या, मुलं गेली. पण अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे सजवलेले देखावे, या माणसांनी सोडल्या नाहीत. मिल बंद, पगार बंद, आणि रात्रभर दिव्यांची झांकी रस्त्यावर. वर्गणी काढून, उसनवार करून. मास्तर माडगांवकर असते तर या एका गोष्टीवर त्यांनी दहा पानं लिहिली असती, आणि कर्ज काढून उत्सव करू नये असं शेवटी बजावलंही असतं. मी त्यांचं तेवढं ऐकलं नसतं.

तर भोंगा. आमच्या ओळखीचे एक काका मिलमध्ये साच्यावर होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पहाटेचा पहिला भोंगा मालवा मिलचा. तो झाला की बाया चूल पेटवायच्या, आणि हुकुमचंदचा झाला की डबा हातात पाहिजे. काकूंचं माहेर मिलच्या बाजूचं, त्या हे साफ नाकारतात. त्या म्हणतात, आधी हुकुमचंदचा, तो जाडा, आणि मागून मालवाचा, बारीक. काका म्हणतात, “वहिनी, मी त्या भोंग्यावर तीस वर्षं उठलोय.” काकू म्हणतात, “आणि तुम्हाला उठवायला तुमची आई आधी उठायची, तिला विचारा.” आई आता नाहीत. मी दोन्ही गोष्टी वहीत लिहून ठेवल्या आहेत, समोरासमोरच्या पानांवर. परदेशीपुऱ्यात, नंदानगरात, पाटणीपुऱ्याकडे ज्यांचं बालपण गेलं त्यांतल्या कुणाला पक्कं आठवत असेल तर कळवा. भोंगा किती वाजता व्हायचा, किती वेळ वाजायचा, पावसाळ्यात त्याचा आवाज वेगळा यायचा का, आणि संपाच्या दिवसांत तो वाजत होता की नाही, हेही लिहा.